बगळीतला स्वयंपाक आणि अकरा पिशव्या तांदूळ

खरं तर ही पोस्ट व्हॅनमध्ये स्वस्तात काय काय शिजवता येतं, एवढ्यावरच व्हायची होती. मागच्या पोस्टखाली बऱ्याच जणांनी तेच विचारलं होतं, म्हणून या वेळी मी शेगडीपासून मिठापर्यंत सगळं वहीत टिपत गेले. ती माहिती पुढे जागोजागी आहेच. पण मध्येच दुसरं काहीतरी आलंय आणि ते काढून टाकलं तर पोस्टमध्ये फक्त पोह्यांची कृती उरते.

नोव्हेंबर संपता संपता निखिलचा फोन आला. निखिल माझा धाकटा भाऊ. सात वर्षं दिल्लीत स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता, मुनिरक्यातल्या एका खोलीत. मी नोएडात नोकरी करते आणि एकटी राहते. आमच्यात अंतर मेट्रोनं तासाभराचं, पण भेटी महिन्यातून एकदा झाल्या तर झाल्या.

"ताई, रूम सोडतोय परवा. थोडं सामान तुझ्याकडे ठेवू का?"

"सोडतोयस म्हणजे? मुख्य परीक्षेची यादी लागायचीय ना अजून?"

तो म्हणाला, "तू ये. मग बोलू यार."

गेले. तीन जिने चढून वर पोचले तर पुस्तकं रद्दीवाल्याकडे गेलेली आणि खोली एकदम मोठी दिसत होती. निखिल कॉटवर बसून होता. त्यानं न फिरवता सांगितलं. मुख्य परीक्षा त्यानं दिलीच नव्हती. जूनमध्ये पूर्व परीक्षेतच तो गळाला होता. हा शेवटचा प्रयत्न होता आणि आता वयही संपलं. आणि तिकडे तुमसरला आमची आई रोज पेपर उघडून यादी लागली का ते बघत होती.

"आईला सांगितलं नाहीस?"

"नाही."

मी रागावले नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं. बाबा आम्ही लहान असतानाच गेले. आईनं प्राथमिक शाळेत शिकवून आम्हाला वाढवलं. पण मी पडले हुकूम सोडणारी थोरली बहीण. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं: पाच दिवस सुट्टी काढते, बगळी काढते, आपण दिल्लीच्या आसपास फिरू आणि यादी लागायच्या आत, या पाच दिवसांत, तू आईला स्वतः फोन करायचा. तो म्हणाला, "अच्छा. चलो." आमच्याकडे वाद संपवायची त्याची हीच पद्धत.

बगळी म्हणजे माझी जुनी पांढरी व्हॅन. मागच्या सीटा काढून मी प्लायवूडची फळी टाकून घेतलीय. फळीवर गादी, खाली दोन प्लास्टिकचे खोके आणि पाच किलोचा लहान सिलिंडर. एक बर्नर, दोन लिटरचा कुकर, एक कढई, एक परात. याहून जास्त भांडी नेऊ नका, धुवायला पाणी तुम्हालाच आणायचं असतं. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. थंडी कितीही असो, शेगडी पेटवायची ती मागचं दार पूर्ण उघडूनच, आणि झोपण्यापूर्वी रेग्युलेटर काढून ठेवायचा.

सामान उतरवताना कॉटखालून पिशव्या निघाल्या. पांढऱ्या मांजरपाटाच्या, हातशिलाईच्या, तोंड नाडीनं आवळलेलं. मी त्या बघताक्षणी ओळखल्या. आमचा भंडारा जिल्हा धानाचा. आई वर्षातून दोनदा चिन्नोर तांदूळ पाठवते. पार्सल माझ्याकडे येतं, एक पिशवी माझी, एक निखिलची, आणि त्याची मी नेऊन देते. सगळ्या पिशव्या तशाच होत्या. एकीचीही नाडी सोडलेली नव्हती. अकरा भरल्या.

"हे काय रे?"

"वेळ नाही मिळाला शिजवायला," तो म्हणाला आणि दोन पिशव्या उचलून जिना उतरायला लागला.

आई दर वेळी फोनवर कुरकुरायची, "याच्याकडून पिशव्या काहून परत येत नाहीत गं? कुठं हरवते हा?" आणि मी दर वेळी म्हणायचे, पोरगं आहे, वेंधळं आहे. मी स्वतःशी हिशेब केला की चला, पाच दिवसांचा तांदूळ फुकट. जुन्या पिशव्यांमध्ये पार भुगा झाला होता, पण अलीकडच्या चारेक चांगल्या निघाल्या. आईनं घातलेला कडुनिंबाचा पाला वाळून चुरा झाला होता, पण कामाला आला होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. निखिल दिल्लीला आला त्या वर्षी आईनं मारुतीपुढं शब्द दिला की पोरगा साहेब होईपर्यंत भात खाणार नाही. भंडाऱ्यात भात सोडणं म्हणजे जेवणच सोडल्यासारखं. तिथे पंगतीत पोळी नंतर येते, आधी भात. तिनं तिचे नियमही ठरवून टाकले. पोहे चालतील, मुरमुरे चालतील, इडली नाही, कारण इडली ही तिच्या मते भाताचीच बहीण. हे तिनं फक्त मला सांगितलं आणि वर बजावलं की त्याला कळू द्यायचं नाही, अभ्यासावर दडपण येईल.

पहिला मुक्काम सुलतानपूरचं पक्षी अभयारण्य. मुनिरक्याहून गुरुग्राममधून पुढे, गर्दी नसेल तर दीड तास. पक्षी बघायला डिसेंबर उत्तम, मंगळवारी बंद असतं, तेवढं विचारून जा. तिकीट किरकोळ. तळ्यावर धुकं होतं की धूर, ते सांगता येणार नाही, घसा मात्र खवखवत होता. लांबून आलेली बदकं पाण्यावर नुसती बसून होती. निखिल खिशातून भुग्यातले मूठभर तांदूळ काढून टाकायला लागला तर चौकीदार धावत आला.

"अरे भाईसाब, दाना डालना मना है! ये अपना खाना ख़ुद ढूँढते हैं।"

"सॉरी भैया," निखिल म्हणाला आणि दाणे परत खिशात घातले.

पर्यटक निवासाच्या आवारात गाडी लावू दिली. मी परातीत तांदूळ पाखडले, सोंडकिडे काढले आणि मुगाची खिचडी लावली. तांदूळ एक वाटी, डाळ अर्धी, पाणी पाच वाट्या, हळद, हिंग, मीठ, दोन मिरी. चार शिट्ट्या. दोन माणसांचं पोट भरतं आणि गॅस दहा-बारा मिनिटं लागतो. व्हॅनच्या स्वयंपाकात याहून सोयीचं काही नाही. चिन्नोरचा वास सुटला तसा गाडीतच तुमसर आलं.

निखिलनं खाल्लं नाही. भूक नाही म्हणाला. नंतर केळी आणि ब्रेड खाताना दिसला. मला वाटलं, फोनचा विषय काढला म्हणून रुसलाय. मी एकटीनं खिचडी संपवली आणि सकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. छत्तिसाव्या वर्षीही मला असं वागता येतं.

दुसऱ्या दिवशी सोहन्याकडून दमदमा तळ्याला गेलो. रस्ता शेवटी अरुंद आहे, समोरून ट्रॅक्टर आला की थांबायचं. सकाळी मी कांदेपोहे केले. पोहे चाळणीतच भिजवा, पाणी कमी लागतं. शेंगदाणे घरून भाजून आणा. निखिलनं दोन बशा खाल्ल्या, कढई पुसून खाल्ली. चला, रुसवा गेला, मी मनात म्हटलं. दुपारी सोहन्यात एका गाडीवर गरम इडली दिसली, मी दोन प्लेट सांगितल्या.

"मला नको ताई."

"अरे, वाफाळतीय बघ!"

"नको म्हटलं ना." त्यानं शेजारून भाजलेली रताळी घेतली. चाळीस रुपयांची इडली मी एकटीनं खाल्ली आणि वहीत लिहिलं, 'निखिलचे नखरे वाढलेत.' पोहे चालतात, इडली नाही, हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

त्या दिवशी आमचं भांडण झालं. तळ्याच्या काठावर मी घड्याळ बघून म्हटलं, दोन दिवस गेले. तो म्हणाला, माहीत आहे. मी म्हटलं, यादी लागली आणि तिनं पेपरमध्ये तुझं नाव शोधलं तर? ती भिंग घेऊन शोधेल रे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मग परत पहिल्यापासून. त्यानं कढई उचलली आणि धुवायला गेला, ती आधीच धुतलेली होती.

तिसऱ्या दिवशी पलवलला जाऊन बाहेरच्या एक्स्प्रेसवेनं डासन्यापर्यंत, मग हापूडवरून गढ गंगा नावाच्या गंगाकाठच्या तीर्थाला. रस्ता झकास, टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. वाटेत हापूडचे पापड घ्या, बर्नरवर भाजून दह्यासोबत फक्कड लागतात. दिल्लीच्या इतक्या जवळ एवढी गंगा वाहते, हे दिल्लीतल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. एका धर्मशाळेच्या आवारात गाडी लावायला जागा मिळाली, सोबत नळ आणि संडास. व्हॅनमध्ये राहणाऱ्याला याहून जास्त काय हवं.

चौथ्या दिवशी सकाळी ऊन आलं. मी ठरवलं की तांदळाचा एकदाचा निकाल लावायचा. चांगला वेगळा काढून धर्मशाळेच्या भंडाऱ्याला, म्हणजे अन्नछत्राला द्यायचा, भुगा कबुतरांना. आवारात चादर पसरली आणि आम्ही दोघं निवडायला बसलो. शेजारी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आलेलं एक कुटुंब उतरलं होतं. त्यातली म्हातारी उन्हाला बसायला म्हणून आली आणि न विचारता निवडायला लागली.

"इत्ता चावल! कोई भंडारा कर रे हो, लल्ला?"

"नहीं अम्मा। माँ ने भेजा था।"

"तो खाया क्यूँ ना? इत्ता बढ़िया चावल, कीड़े खा गए।"

निखिल दाणे निवडत होता. मान वर न करता, सहज, बसचा नंबर सांगावा तसं तो म्हणाला, "माँ ने मेरे पीछे चावल छोड़ रखा है, अम्मा। जब तक मेरी नौकरी ना लगे। तो मैं कैसे खा लेता?"

म्हातारी थांबली. "कित्ते साल हुए?"

"छह-सात।"

"हाय राम," ती म्हणाली, आणि तिनं आपला हात त्याच्या पाठीवर ठेवला. माझा हात परातीतच राहिला.

ती उठून गेल्यावर मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

तो जरा हसला. "तूच, ताई."

मला खरंच आठवत नव्हतं. त्यानं आठवण करून दिली. पहिलाच हिवाळा होता. मी त्याला स्वेटर घ्यायला करोल बागेत नेलं होतं. टेस्ट बुडवून तो मित्रांसोबत मॅच बघायला गेला, हे मला तिथे कळलं आणि मेट्रोच्या जिन्यावर, भर गर्दीत, मी त्याच्यावर ओरडले होते: तिकडे आईनं तुझ्यापायी भात सोडलाय आणि तू मॅच बघत बसतोस?

तो म्हणाला, "त्या दिवशी रात्रीच्या मेसला भात आला, तो मी परत केला. म्हटलं, पास होईपर्यंत. मला वाटलं, वर्षभराचा प्रश्न आहे."

मी रडले. आवारात, सगळ्यांसमोर. मी विसरूनही गेले होते. एक वाक्य टाकून मी नोएडाची मेट्रो पकडली होती आणि ते वाक्य घेऊन हा पोरगा सात वर्षं त्या खोलीत राहिला. प्रत्येक वेळी नापास झाला की आईचं ताट त्याच्यासमोर येत असणार. मग जूनमध्ये तो फोन कसा करणार होता? फोन केला असता तर तिचा भात कायमचा गेला असता. मी पाच दिवसांची मुदत घालून वर त्याला भित्रा समजत होते.

"मीच करते फोन," मी म्हटलं.

"नको. मी करतो."

त्याचे हात तांदळाच्या पिठानं पांढरे झाले होते म्हणून मोबाईल चादरीवर ठेवून त्यानं स्पीकर लावला.

"आई, यादीत माझं नाव नसेल."

"असं काहून बोलतोस बाळा? लागू तर दे यादी."

"मी त्या परीक्षेला बसलोच नाही गं. जूनमध्येच नापास झालो. आता परत बसता पण येत नाही. वय संपलं."

तिकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"जून?"

"हो."

"म्हणजे दिवाळीत तू कुठं होतास?"

"रूमवर."

"एकटाच?" ती म्हणाली. "मी म्हटलं येऊ नको, अभ्यास मोडेल. मी तसं म्हणायला नको होतं नं."

निखिलनं डोळे मिटून घेतले. "आई, आता तू भात खा."

"तुले कोणी सांगितलं भाताचं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "गावातच कोणीतरी बोललं होतं. आठवत नाही आता."

मी गप्प बसले. फोन त्याचा होता, बोलत तो होता, असं मी स्वतःला सांगितलं. पण बोलता आलं असतं.

आई म्हणाली, "मारुतीपुढं शब्द दिलाय मी. मागितलं ते मिळालं नाही म्हणून दिलेलं परत घेऊ का? त्याचं काही नाही, मला सवय झाली. तू घरी ये आधी."

दुपारी मी चिन्नोरचा साधा भात लावला. तूप, मीठ. निखिलला म्हटलं, तुझा काही नवस नव्हता, तू खा. त्यानं वाटी हातात घेतली. दोन घास खाल्ले. तिसरा घशाशी अडकला आणि तो पाणी प्यायला. "राहू दे ताई, एकदम नाही जमत." उरलेला मी त्या म्हातारीला नेऊन दिला. तिनं विचारलं, "लल्ला ने खाया?" मी म्हटलं, "थोड़ा-सा।"

चांगला तांदूळ भंडाऱ्यात दिला, अर्धी पिशवी माझ्या डब्यात ओतली. धर्मशाळेच्या नळावर मी अकराही पिशव्या साबणानं धुतल्या आणि बगळीच्या दोरीवर वाळत घातल्या. आईच्या हरवलेल्या पिशव्या मी परत पाठवत होते, एवढंच. त्या सगळ्या एकदम बघून आईला काय कळेल, हे डोक्यात आलंच नाही. पाचव्या दिवशी नोएडात पोचलो. त्यानंतरच्या आठवड्यात निखिल नागपूरच्या गाडीत बसला, दोन बॅगा आणि इस्त्री केल्यासारख्या घडी घातलेल्या पिशव्या घेऊन.

ज्यांना अशी सहल करायचीय त्यांच्यासाठी: पाच दिवसांत आमचा शिधा, भाजी, दूध मिळून हजाराच्या आत झालं, कारण तांदूळ घरचा होता. जास्तीचं पाणी न्या. परात विसरू नका.

नोएडाला परतून महिना झाला. डबा अजून व्हॅनमध्येच आहे. आठवड्यातून एकदा त्यातला भात लावते आणि खाते. मुद्दाम खाते. सोडणारी तिसरी मी होणार नाही, असं ठरवलंय. गोड मात्र लागत नाही. निखिल तुमसरला एका शिकवणीत शिकवायला लागलाय. आई त्याला भात वाढते, तो खातो, थोडा थोडा. स्वतः पोळी घेते.

तो पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला होता.

"अकरा पिशव्या आल्या गं. सगळ्या एकदम."

"हो. मीच धुतल्या."

"मला वाटायचं हरवतो हा." मग म्हणाली, "इतकी वर्षं मग तो खात काय होता?"

पोळ्या, ब्रेड, रताळी, असं सांगून काय होणार होतं.

"त्याला सांगणारी शेजारची सुशीलाच असणार," आई म्हणाली. "तिलेच माहीत होतं, शब्द दिला तेव्हा मारुतीपुढं माझ्या बाजूलाच उभी होती ती. तिच्याशी बोलणं बंद केलंय मी. तीस वर्षांचा शेजार, पण माझ्या लेकराला तिनं उपाशी ठेवलं."

तेव्हाही मी म्हणू शकले असते. मी म्हटलं, "आई, मीटिंग आहे, नंतर करते." तीन आठवडे झाले, ते 'नंतर' आलेलं नाही. भावाला फोन करायला मी पाच दिवस दिले होते.

आई, सुशीलाकाकूंनी नाही सांगितलं. मी सांगितलं. करोल बागेत, मेट्रोच्या जिन्यावर, रागाच्या भरात. तू नको म्हणाली होतीस तरी.

आई मोबाईलवर वाचत नाही, डोळे दुखतात. निखिल तिला ही पोस्ट रविवारी वाचून दाखवणार आहे. जेवणं झाल्यावर वाच, आधी नको, असं मी त्याला बजावून ठेवलंय.